साठाचे एकाहत्तर

सळईच्या अंगावर पंचानं दोन टिंबं मारते,
एकमेकांपासून साठ मिलिमीटरवर.
बाकीचा सगळा हिशेब त्या दोन टिंबांत.

जालन्याच्या एमआयडीसीत रात्रपाळीला
भट्टीचा उजेड पत्र्याच्या फटीतून लॅबमध्ये शिरतो
नि भिंतीवरच्या कॅलेंडरवर हलत राहतो.
पलीकडं भंगाराचा ढीग:
सायकलींचे सांगाडे, जिनिंगचे दाते, हातपंपाचा दांडा,
एका ट्रंकेच्या झाकणावर अजून वाचता येतं,
कु. मंदोदरी, इयत्ता सातवी.
सगळं वितळतं, लालभडक होऊन रोलांतून पळतं,
मग पाण्याच्या फवाऱ्यात एकदम गार.
कातडी कडक होते, गाभा मऊ राहतो.
कापून ॲसिड लावलं की गोल कडं उमटतं,
भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं.

मशीनच्या जबड्यात सळई उभी धरते.
व्हॉल्व्ह उघडते. काटा चढतो,
एक टन, दोन, चार.
इथवर सोडून दिलं
तर सळई होती तेवढी होते, काही झालंच नाही जणू.
पावणेसहाच्या आसपास काटा थबकतो.
पंप चालू, जबडे सरकतायत,
काटा मात्र जागच्या जागी.
वरची काळी खपली टिचते, टेबलावर सांडते.
आता सोडलं तरी ती पहिल्यासारखी व्हायची नाही.

पुन्हा चढतो काटा,
मग कुठंतरी एका जागी कंबर बारीक होते.
कुठं, ते नऊ वर्षांत एकदाही
मला आधी सांगता आलेलं नाही.
आणि मग आवाज.
पहिल्या महिन्यात मी किंचाळायची,
आता चहाचा कप धरून ठेवते.

बा अंबडच्या बाजारात मडकी विकायचा.
गिऱ्हाईक आलं की मडकं तळहातावर घेऊन
बोटाच्या पेरानं टिचकी मारायचा.
टण्ण वाजलं तर पुढं करायचा,
बद्द वाजलं तर मागं सारायचा, बोलायचा नाही काही.
"फुटकं कळतंय गं प्रयाग,
किती दिवस टिकंल, ते काय कळत न्हाई."
पण वाजवलेलं मडकंच तो विकायचा.
ते घरी जायचं, पाणी धरायचं, पाझरायचं, गार करायचं.

परवा इलियासभाई आले,
मोसंबीच्या आडतीवर हमाली करतात.
दोन खोल्या बांधायल्यात,
फडक्यात गुंडाळून बारा एमएमचा तुकडा आणलेला.
त्यांच्यासमोरच तोडला.
दोन्ही अर्धी जोडून टिंबांतलं अंतर मोजलं,
साठाचे एकाहत्तर.
"अठरा टक्के वाढली. चांगली आहे."
"म्हणजे बाई, घर टिकंल ना?"

आता काय सांगायचं.
म्हटलं, हा तुकडा टिकला असता.
ते तुटलेल्या टोकांकडं बघत राहिले,
एक वाटीसारखं, एक तिच्यात बसणारं.
"मंजे जी तपासली ती घरात नाही लागायची.
आन जी लागंल, ती तपासलीच नाही."
एवढ्या नेमक्या शब्दांत
आमच्या क्वालिटी मॅनेजरनं कधी सांगितलं नव्हतं.
मी म्हटलं, त्याच बंडलातली आहे, त्याच पाण्याची.
अंदाज असतो तो.
चांगला अंदाज असतो, एवढंच.

त्यांनी बारीक झालेल्या कमरेला बोट लावलं
आणि चटकन मागं घेतलं.
"गरम हाय की!"
हो, ताणलं की तापतं.
आग नाही, भट्टी नाही, नुसत्या ओढाताणीनं.
बाला हे सांगायचं राहून गेलं,
त्याच्या मडक्यांना ताणणं ठाऊकच नव्हतं,
ती सरळ फुटायची.

जाताना इलियासभाईंनी दोन्ही तुकडे मागितले.
"पाया भरताना खाली टाकतो.
परीक्षा दिलेलं एक तरी असू द्या घरात."
नमुना बाहेर द्यायचा नाही, असा नियम आहे.

मी रजिस्टर उघडलं, तारीख टाकली,
शेवटच्या रकान्यात लिहिलं:
तुकडे भंगारात जमा.